गाडी खालीच होती

६ नोव्हेंबर, गुरुवार

खोटं बोललो. तीन शब्दांत. "गाडी खालीच होती."

कुंदन ऑफिसातून आला तो मोबाइलमध्ये तोंड घालूनच. बूटसुद्धा काढले नाहीत. म्हणाला, "बाबा, सत्तावीस ऑक्टोबरला गाडी कुठे होती? सोमवार होता. मी हैदराबादला होतो, रुचिरा कामावर."

मी कपबशी विसळत होतो. विसळत राहिलो. आणि ते तीन शब्द तोंडातून निघाले. इतक्या सहज, की मलाच वाटलं खरं असेल.

तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "बरं."

प्रकार असा. रोडपालीला त्या लग्नाच्या हॉलमागे एक खाजगी पार्किंग आहे. तिथे त्या दिवशी आपली गाडी सहा तास उभी होती, पैसे न देता निघून गेली, म्हणून दंड. नोटीस आधी गेली गाडीच्या मालकाकडे. म्हणजे आपल्याकडे नव्हे! गाडी आपली नाहीच. कुंदनच्या ऑफिसने ती त्याच्यासाठी चार वर्षांच्या भाड्याने घेतली आहे, आरसी पुस्तकावर नाव त्या भाड्याच्या कंपनीचं. त्यांनी नोटीस पुढे ढकलली — दहा दिवसांत हरकत घ्या, नाहीतर दंड अधिक आमचा हाताळणीचा खर्च पगारातून कापायला लावू.

आणि त्या भाड्याच्या करारात लिहिलंय की गाडी फक्त कुंदन आणि सूनबाई चालवतील. तिसऱ्या कोणी हात लावला तर गाडी परत. वर ऑफिसात जाब.

तिसरा मी. चौऱ्याहत्तर वर्षांचा. लायसन्स मार्चमध्ये संपलेलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सांगेन म्हटलं होतं. नाही सांगितलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज तर कमाल केली!

कुंदन सकाळपासून हरकतीचं पत्र लिहीत बसला होता. भाड्याच्या कंपनीला इंग्रजीत आणि पार्किंगच्या ठेकेदाराला मराठीत. मराठी कागद माझ्यापुढे सरकवला. "बाबा, जरा बघा. तुमचं खातं हे."

चौतीस वर्षं चौथीच्या पोरांच्या वह्या तपासल्या. हात थांबेना. 'आमची गाडी तिथे आलीच नव्हती' हे त्याचं वाक्य. मी केलं — 'सदर वाहन नमूद दिवशी आमच्या गृहसंकुलाच्या आवाराबाहेर गेलेलेच नाही.' किती भारदस्त झालं! 'तुमच्या माणसाने चूक केली' याचं केलं — 'आपल्या कर्मचाऱ्याच्या हेतूविषयी रास्त शंका उत्पन्न होते.'

रुचिरा वाचून म्हणाली, "बाबा, तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

पुरावा म्हणून सोसायटीच्या गेटवरच्या वहीचं पान जोडलंय. त्या दिवशी आपल्या गाडीची नोंद नाही. नसणारच! त्या वहीत फक्त बाहेरच्या लोकांच्या गाड्या लिहितात. कुंदनला हे ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, त्या ठेकेदाराला काय ठाऊक असणार?

पत्र पाठवताना कुंदनने पुन्हा विचारलं. "बाबा, नक्की ना? पाठवू?"

"पाठव," म्हणालो.

पोरगा खोटा पडेल तर माझ्यामुळे. बिचारा बापाच्या शब्दावर सही करून मोकळा झाला. आणि 'कर्मचाऱ्याच्या हेतूविषयी' हे मी लिहिलंय. मी. तो कर्मचारी कोण आहे ते डोळ्यांनी पाहून आलोय आणि लिहिलंय.

९ नोव्हेंबर, रविवार

झोप नाही नीट. त्या सोमवारचं सगळं एकदा लिहून टाकतो. निदान पानाला तरी खरं कळू दे.

दिवाळी संपलेली. नात समृद्धी शाळेत, तिथून परस्पर कामोठ्याला क्लासला. घरात मी एकटा. खिडकीतून खारा वारा आला. इथे खांदा कॉलनीत सातव्या मजल्यावर तो कधीमधीच येतो. त्या वासाबरोबर आगर आठवलं. आमचं मिठागर. बुधाजीचं आगर म्हणायचे लोक, बुधाजी म्हणजे माझे वडील. शाळेत जाताना आम्ही पोरं आगराच्या बांधावरून एका ओळीत चालायचो आणि पाठ करायची कविता मोठ्याने म्हणायचो. पुढचा एक ओळ, मागचा दुसरी. ओळ विसरला तो खाली चिखलात! त्या बांधावर ज्या कविता पाठ झाल्या त्या अजून आहेत. काल भाजीवाल्याने काय भाव सांगितला ते आठवत नाही.

चावी खुंटीला होती. पाच मिनिटांत जाऊन येऊ म्हटलं. नुसतं बघून.

आगराच्या जागी आता तो हॉल आणि मागे पार्किंग. जमीन नव्या शहरासाठी गेली त्याला पन्नासएक वर्षं झाली. हे मला कळत नाही का? कळतं. पण फाटकाच्या आडव्या दांड्यापाशी गाडी थांबवली आणि निळ्या कोटातली बाई पावतीचं यंत्र घेऊन पुढे आली, तेव्हा मी काच खाली करून काय म्हणावं? "पावती कोणाला फाडतेस? हे बुधाजीचं आगर आहे. मी त्याचा मुलगा."

असं म्हणालो! ताठ मानेने. जणू खालच्या डांबराला ते ऐकू जाणार होतं.

ती बाई हसली नाही. वादही घातला नाही. "बसा, गुरुजी," म्हणाली आणि दांडा वर केला.

मी अगदी कोपऱ्यात, जिथून खाडीकडची झाडी दिसते तिथे गाडी लावली. काचा उघड्या टाकल्या. पहिल्या कवितेपासून म्हणायला सुरुवात केली, पुस्तकाच्या क्रमाने, चालीवर. आवाज अजून लागतो. मधे कधीतरी डोळा लागला. जागा झालो तर पाच वाजलेले. उठलो, घाबरलो, गाडी काढली. बाईने पुन्हा दांडा वर केला. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता लिहिताना लक्षात येतंय — ती 'गुरुजी' का म्हणाली? मी शिक्षक होतो हे तिला कोणी सांगितलं?

१२ नोव्हेंबर, बुधवार

ठेकेदाराचं उत्तर आलं. सोबत फोटो! फाटकावरच्या कॅमेऱ्याने काढलेला. नंबर स्पष्ट. आत बसलेला माणूस मात्र काचेवरच्या उन्हात विरघळलेला. नुसता एक पांढरा डाग आणि दोन हात.

तिघं टेबलाशी वाकून बघत होतो.

रुचिरा म्हणाली, "अरे, हा तर आपलाच नंबर आहे!"

"नंबर कोणीही छापतो," कुंदन म्हणाला. "तळोज्याच्या एकाला असंच झालं होतं. त्याच्या नंबरची दुसरी गाडी फिरत होती. डुप्लिकेट प्लेट. सरळ पोलिसांत तक्रार करतो म्हणून लिहितो यांना." मग माझ्याकडे वळला. "तुम्हाला काय वाटतं, बाबा?"

मी चष्मा पुसला. म्हणालो, "ऊन फार आहे फोटोत."

तो जरा वेळ तसाच उभा होता. "हो," म्हणाला, "फार आहे."

माझे हात मी टेबलाखाली घेतले होते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चौथीच्या पुस्तकातल्या एका कवितेतला मुलगा खरं बोलतो. शेवटच्या कडव्यात आई त्याला जवळ घेते. चौतीस वर्षं शिकवलं. त्या मुलाचं वय आठ असतं, हे मात्र कधी सांगितलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

राहवेना. रिक्षा करून रोडपालीला गेलो. घरी सांगितलं, वाचनालयात जातो. एका खोट्याला सोबत म्हणून दुसरं.

दांड्यापाशी निळा कोट होता, पण आत दुसराच माणूस. चाळिशीचा, मिशीवाला, खुर्चीत पसरलेला.

"इथे एक बाई असायच्या ना?"

"कृष्णाबाई? काढली."

"का हो?"

"काका, लंबी स्टोरी हाय. एक गाडी तिनं फुकट सोडली. सहा तास! पहिल्यांदा शेटला वाटलं, विसरली असंल. मग त्या गाडीवाल्याचं लेटर आलं, गाडी आमची नव्हतीच म्हणून. आता पोलिसांत जातो बोलतो तो. म्हणजे नंबर खोटा! शेट बोलला, खोट्या नंबरची गाडी हिनं मुद्दाम सोडली, पैसे खाल्ले असतील. विचारलं तिला, कोण होता गाडीत? तर बोलते, ध्यानात नाय." तो हसला. "सहा तास समोर बसलेला माणूस ध्यानात नाय! येडा समजते काय शेटला?"

मी म्हणालो, "लेटर कसं होतं?"

"काय कसं?"

"नाही, काही नाही."

"एकदम कडक होतं बोलतात. मोठ्या वकिलानं लिहिलं असंल."

परत येताना रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, काका, बरं वाटत नाही का.

१६ नोव्हेंबर, रविवार

गेलो तिच्याकडे. रोडपाली गावात कोणीही घर दाखवतं. जुन्या घरांच्या मागच्या गल्लीत, खालची खोली.

दार उघडलं आणि ती पदर सावरत म्हणाली, "या, गुरुजी. मी बोललेच व्हते यांना, गुरुजी येतील."

यांना म्हणजे सासूला, सोनाबाईंना. त्या पलंगावर. कंबर मोडल्यापासून दोन वर्षं उठल्या नाहीत. कृष्णाबाईने मला खुर्ची दिली आणि सासूला वाटीतून पेज भरवत बोलत राहिली.

"तुमी मला वळखलं नाय त्या दिवशी. मी चौथीत व्हते तुमच्याकडं. एकोणऐंशी साल. मागच्या बाकावर."

मी म्हणालो, "हो हो, आठवतंय." नाही आठवत! तिथेही खोटं.

"काय आठवतंय?" ती हसली. "मला एक कविता यायची नाय. तुमी बोलायचे, कृष्णे, तू नुसती ओठ हालव."

हे मी म्हटलं असेन. माझंच वाक्य वाटतं. तपासणीला साहेब आले की म्हणत असेन, वर्गाचा सूर बिघडू नये म्हणून.

"तुझी नोकरी माझ्यामुळे गेली," शेवटी म्हणालो.

"नोकरीचं काय, दुसरी हाय. जासईला कंटेनरच्या यार्डात लागतात बायका. पण सकाळी गेलं का रात्री परत. हितं कसं, पाच मिन्टांत घर. दुपारचं येऊन ह्यांना भरवून, कूस बदलून परत दांड्यावर. आता ह्यांना कोण बघंल? तेच एक हाय."

सोनाबाईंनी तोंड फिरवून माझ्याकडे पाहिलं. "कोन हा?" सुनेला विचारलं.

"बुधाजी बाबांचा मुलगा. मास्तर."

म्हातारीचा चेहरा उजळला. "आगरवाला बुधाजी? भला मानूस व्हता."

मी विचारलं, "तू माझं नाव का नाही सांगितलंस त्या ठेकेदाराला? सुटली असतीस."

कृष्णाबाईने वाटी खाली ठेवली. "गुरुजी, तुमचा बापूस आमच्या आयांना आगरातलं मूठमूठ मीठ न्यायला द्यायचा. कवा नाय बोलला नाय. कवा मोजलं नाय. त्याच्या पोराला मी त्याच्याच आगरात दांडा आडवा घालू? माझ्या हातून व्हयाचं नाय. आनी एकदा सोडलं तर मग नाव कशाला सांगू? तुमच्या पोराची गाडी कंपनीची हाय, शेटच्या कागदावर व्हतं. तुमी घाबरून गेले असाल, म्हटलं."

घाबरून गेले असाल. म्हणजे माझ्या भित्रेपणाची सोयसुद्धा तिने करून ठेवली होती.

"मी उद्याच जाऊन सांगतो," म्हणालो.

"बघा, तुमचं तुमाला," ती म्हणाली. "चहा घेता का?"

घेतला. काय करणार!

१७ नोव्हेंबर, सोमवार

उद्याच म्हणालो होतो. तो उद्या आज होता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कविता लिहिली. पश्चात्तापावर. सोळा ओळी, एकही मात्रा कमीजास्त नाही. वाचून डोळ्यांत पाणी आलं, माझ्याच. मग कळलं, की दोन तास गेले, मला बरं वाटलं आणि कृष्णाबाई अजून घरीच बसली आहे. फाडून टाकली.

सांगितलं तर पुढे काय होईल हे मनाशी शंभरदा घोळवून झालं. गाडी जाईल. ते सोडा, गाडीशिवाय जगलोच की. पण कुंदनने ऑफिसला कळवलंय, नंबर डुप्लिकेट. उद्या कळेल की त्याच्या बापानेच गाडी नेली होती, तीही लायसन्स नसताना. साहेब म्हणतील, घरातलं माहीत नाही आणि पोलिसांच्या धमक्या देतो! आजवर या पोराने मला मान खाली घालायला लावली नाही. आणि मी त्याला?

दुसऱ्या पारड्यात ती वाटीतली पेज.

पारडं लगेच झुकायला हवं ना? माझं झुकत नाही. म्हणजे माणूस म्हणून मी काय आहे ते कळलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

हरकत मंजूर. दंड रद्द. ठेकेदाराने दिलगिरीही लिहून पाठवली — 'संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई करण्यात आली आहे.'

रुचिराने येताना जिलबी आणली. समृद्धी नाचत होती, "बाबांनी केस जिंकली! आजोबांच्या मराठीने जिंकली!" कुंदन मात्र फारसा खूश दिसला नाही. दमला असेल. जेवून सगळे उठले तरी माझ्यासमोर बसून राहिला. म्हणाला, "त्या माणसाला काढलं वाटतं."

'बाई आहे,' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

"असेल," म्हणालो.

"वाईट वाटतं ना, बाबा."

"वाटतं तर."

आणखी थोडा वेळ बसला. मग दिवा मालवून गेला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल जिलबी दोनदा घेतली. गोड लागली. तेच सगळ्यात वाईट.

२३ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी परत रोडपालीला गेलो. कृष्णाबाईच्या दाराला कडी. शेजारची म्हणाली, ती जासईला गेली यार्डात, परवापासून लागली. रविवारी पण बोलावतात.

"आणि सोनाबाई?"

"हायेत की आत. मी जाते मधून मधून. पण माझी पण पोरं हायेत, किती जाऊ?"

तिने कडी काढून दिली. सोनाबाई पलंगावर एका कुशीवर होत्या. पाण्याचा तांब्या हाताला लागेल न लागेल अशा अंतरावर. मला पाहून म्हणाल्या, "किशनी आली का?"

मी त्यांना पाणी पाजलं. नीट जमलं नाही, गळ्यावर सांडलं. पुसलं. कूस बदलता येईल का विचारलं तर म्हणाल्या, "परपुरुस तू. नको." मग आपणच हसल्या. दात नसलेलं, लख्ख हसू. मलाही हसू फुटलं, आणि लगेच रडूही. तिथेच, त्या खुर्चीत बसून.

त्या म्हणाल्या, "उगी. बुधाजीचा ना तू? उगी."

आता पुरे. उद्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार

झालं. लिहून दिलं!

ठेकेदाराचं ऑफिस कळंबोलीला, टायरच्या दुकानावर. भावेश नाव, कुंदनपेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असेल. गळ्यात साखळी, टेबलावर तीन मोबाइल. माझं ऐकता ऐकता एकेक मोबाइल पालथा घालत गेला.

"म्हणजे गाडी खरी होती?"

"हो."

"आणि चालवणारे तुम्ही?"

"मीच."

"आणि लेटर?"

"मजकूर मुलाचा. भाषा माझी."

तो खुर्चीत मागे रेलला. "काका, तुम्ही काय आयटम आहात हो! जिंकलेली केस हरायला आलाय? दंड माफ झाला ना? घरी जा, नातवंडं खेळवा."

"कृष्णाबाईला परत घ्या."

"तिने फुकट सोडली ते तर खरंच ना? रूल तो रूल."

"तिने सोडली कारण मी तिचा शिक्षक होतो आणि मी तिला दटावलं. दंड मी भरतो. पण ती चोर नाही हे तुमच्या कागदावर यायला पाहिजे."

त्याने टेबलाचा खण उघडला. मग म्हणाला, "माझी आजी पण आगरातलीच. उरणची." आणि कोरा कागद पुढे केला. "लिहा. पण काका, ऐका. याची कॉपी मला भाड्याच्या कंपनीला पाठवावी लागणार. त्यांनी फाइल बंद केलीय, माझ्यावर उलटी येईल. तुमच्या मुलाला लागेल ते. चालेल?"

"चालेल," म्हणालो. पेनचं टोपण काढलं.

लिहिलं. एका दमात, खाडाखोड न करता. भारदस्त काही नाही. मी गाडी नेली. मला परवानगी नव्हती, लायसन्सही नव्हतं. पैसे मागितले तेव्हा मी नकार दिला. बाईंचा दोष नाही. मुलाने विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. आणि शेवटी, सगळ्यात ठळक अक्षरात — 'माझ्या मुलाला यातले काहीही माहीत नव्हते. त्याने जे लिहिले ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवून लिहिले.' तेवढं तरी त्याच्यासाठी करायला हवं होतं. गाडी जाईल, पण पोरगा खोटा ठरणार नाही.

भावेशने दोनदा वाचलं. "अक्षर एक नंबर आहे," म्हणाला. मग माझ्यासमोरच फोन लावला. "कृष्णाबाई? उद्यापासून या परत. हो हो, दांड्यावरच. आता काय पाया पडू काय? या!"

खाली उतरलो तर टायरच्या दुकानात रेडिओ लागलेला, रस्त्यावर ट्रकांची रांग, आणि मी मधेच उभा. किती दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला!

कुंदनला अजून सांगायचं आहे. तो उद्या पुण्याहून येतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी दुरून पाहून आलो. निळा कोट दांड्यापाशी. सव्वाबाराला ती घराकडे निघाली, झपझप. मी हाक मारली नाही.

कुंदनला यायला उशीर होणार. रुचिराला विचारलं, तो रागावला की काय करतो. ती म्हणाली, "गप्प बसतो. तुमच्यासारखाच."

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सांगितलं. सगळं. कुंदनने ऐकून घेतलं. मग त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून त्याने तिच्यात एक यंत्र बसवून घेतलंय म्हणे. गाडी कुठे गेली, कुठे किती वेळ थांबली, त्याला हैदराबादेतसुद्धा दिसतं. सत्तावीस ऑक्टोबर. घर ते रोडपाली, एक निळी रेघ. सहा तासांचा एक ठिपका. परत घर.

"पत्र लिहिलं तेव्हा तुला माहीत होतं?"

"नोटीस यायच्याही आधीपासून. रोज वाटायचं, आज बाबा सांगतील."

माझ्या कबुलीत एकच वाक्य खोटं निघालं. सगळ्यात ठळक लिहिलेलं.

उठलो. चपला घातल्या. म्हणालो, "कळंबोलीला जाऊन ते वाक्य खोडून येतो."

त्याने माझा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा घट्ट. म्हणाला, "राहू द्या ना, बाबा."

राहू दिलं.